गिरणगाव ते राणीबाग : दिवसभराच्या ग्रुप वॉकची माहिती (बुकिंगआधी वाचून घ्या)

नमस्कार मंडळी,

मुंबईच्या जुन्या कापडगिरण्यांच्या भागातून, म्हणजे गिरणगावातून, लोअर परळ ते भायखळा हा आमचा दिवसभराचा वॉक, त्याबद्दल व्हॉट्सॲपवर रोज तेच तेच प्रश्न येतात म्हणून सगळं एकदाच लिहून काढलंय. जरा लांबलंय, पण चहा घेता घेता वाचा. वॉक नेमका कसला आहे हे आधी कळलं नाही तर काही लोकांचा अर्ध्यातच मूड जातो.

पहिला प्रश्न ठरलेला असतो, "गिरणीच्या आत नेणार ना?" नाही नेणार. बहुतेक गिरण्या पाडून झाल्यात, काहींचे मॉल आणि ऑफिसं झालीत, आणि ज्या एनटीसीकडे (सरकारी राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळ) बंद पडून आहेत तिथला वॉचमन कोणालाच आत सोडत नाही, ते बरोबरच आहे कारण आतली छपरं कधी खाली येतील याचा भरवसा नाही. आपण फिरतो रस्त्यावरून. चिमण्या, कंपाउंडच्या भिंती, चाळी, मैदानं, खानावळींच्या गल्ल्या, आणि शेवटी राणीबाग. आमच्यासोबत बरेचदा एक रिटायर्ड काका असतात, विणाई खात्यात काम केलेले. तब्येत बरी असेल तर येतात, त्यामुळे ते येतीलच असं धरून बुकिंग करू नका.

शनिवार किंवा रविवार, सकाळी साडेसातला लोअर परळ स्टेशनबाहेर पश्चिमेला जमायचं. संपतं साधारण साडेचार-पाचला भायखळा स्टेशनला. सगळं धरून सात-आठ किलोमीटर चालणं होतं, पण थांबत थांबत. बुधवारी राणीबाग आणि आतलं म्युझियम दोन्ही बंद, त्यामुळे ऑफिसच्या ग्रुपने मधल्या वारी वॉक मागितला तरी बुधवार सोडूनच मागा.

मुंबईतच एवढ्या गिरण्या का निघाल्या

हे आम्ही सुरुवातीलाच सांगून टाकतो म्हणजे पुढचं सगळं डोक्यात बसतं. १८५४ मध्ये कावसजी नानाभाई दावर यांनी ताडदेवला कापडगिरणी काढायला कंपनी उभी केली आणि १८५६ मध्ये ती गिरणी चालू झाली. कंपनी उभी राहिली त्याच्या आदल्याच वर्षी, म्हणजे १६ एप्रिल १८५३ ला, बोरीबंदर ते ठाणे रेल्वे सुरू झालेली. पुढे हीच लाईन घाट चढून वर गेली आणि खानदेश-वऱ्हाडचा कापूस थेट बंदरावर यायला लागला. मग अमेरिकेत यादवी युद्ध झालं, १८६१ ते १८६५, तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेना म्हणून इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला, मुंबईच्या व्यापाऱ्यांनी बक्कळ पैसा केला आणि युद्ध संपल्यावर तितक्याच जोरात आपटले पण. जे तरले त्यातल्या कितीतरी जणांनी पुढे पैसा गिरण्यांत घातला. सूत चीनला जायचं.

आणि हवा. मुंबईची जी दमट चिकट हवा आपल्याला नको नको होते तीच सूतकताईला लागते, कारण कोरड्या हवेत धागा पटापट तुटतो. मे महिन्यात घामाच्या धारा लागल्या की आम्ही हे मुद्दाम परत सांगतो, लोक हसतात पण लक्षात राहतं.

चिमणी, छप्पर, तलाव

पहिला थांबा सेनापती बापट मार्ग, जुन्या लोकांचा तुळशी पाईप रोड. फिनिक्स मिलची जागा म्हणजे आजचा मॉल. सकाळी मॉल उघडायच्या आधीच पोचतो म्हणजे गर्दी नसते आणि राहिलेली चिमणी शांतपणे बघता येते. चिमणी बॉयलरची, बॉयलर वाफेसाठी, वाफेवर एक मोठं इंजिन, आणि त्या एका इंजिनवरून दोर-पट्ट्यांनी सगळ्या मजल्यांवरची मशिनं फिरायची. म्हणून जुन्या गिरण्या उंच आणि एकाला एक चिकटून, ताकद लांब नेता येत नव्हती. १९१५ पासून टाटांची वीज खोपोलीहून मुंबईला यायला लागली तशा गिरण्या हळूहळू विजेवर गेल्या, चिमण्या मात्र उभ्याच राहिल्या, पाडायलाही खर्च येतो ना.

दुसरं बघायचं ते छप्पर, अजून शाबूत असेल तिथे. विणाईच्या शेडचं छप्पर करवतीच्या दात्यांसारखं, एक बाजू तिरकी पत्र्याची किंवा कौलाची आणि दुसरी उभी काचेची, आणि त्या काचांचं तोंड उत्तरेकडे. ऊन थेट आत न येता दिवसभर एकसारखा उजेड मिळावा, सावल्या पडू नयेत, सुताचा रंग नि तुटलेला धागा नीट दिसावा म्हणून. ही पद्धत इंग्लंडची. तिथे दुपारचा सूर्य कायम दक्षिणेकडे असतो त्यामुळे तिथे ती चोख चालते, पण मुंबईत साधारण मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरपर्यंत भर दुपारी सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो, म्हणजे नेमक्या त्या दिवसांत थोडं ऊन काचेतून आत उतरणारच. कुठल्याही जुन्या शेडपाशी उभे राहिलात की उत्तर कुठे हे काचांवरून ओळखायचं, होकायंत्र लागत नाही. लहान मुलांना हा खेळ फार आवडतो.

तलावाकडे सहसा कोणाचं लक्ष जात नाही. बऱ्याच गिरण्यांच्या आवारात पाणी साठवायची जागा असायची, इंजिनची वाफ थंड करायला आणि आग लागली तर हाताशी असावं म्हणून. कापसाच्या आगीची भीती कायमच, ब्लोरूममध्ये, म्हणजे कापूस पिंजून मोकळा करायच्या खात्यात, तर ठिणगी पडायची खोटी. काळाचौकीला इंडिया युनायटेड मिल नंबर दोन-तीनच्या आवारात असा तलाव आहे, तिथे महापालिकेने वस्त्रोद्योगाच्या म्युझियमचं काम हाती घेतलंय. आपण बाहेरून जे दिसेल ते बघून पुढे निघतो.

पिशवीतला धोटा

आमच्या पिशवीत एक लाकडी धोटा असतो, म्हणजे मागावर आडवा धागा इकडून तिकडे नेणारी शटल, तो सगळ्यांच्या हातातून फिरवतो. हातभर नाही, वीतभराहून जरा मोठा, दोन्ही टोकांना लोखंडी टोपणं, मधल्या खाचेत सुताची कांडी बसते आणि बाजूला धागा बाहेर काढायचं बारीक भोक. हातात घेतला की वजन जाणवतं. हा मागावर या टोकापासून त्या टोकाला मिनिटाला शेकडो वेळा फेकला जायचा, दोन्हीकडून ठोका, आणि शेडमध्ये असे शेकडो माग एकाच वेळी चालू. आवाजामुळे शेजाऱ्याशी बोलणं अशक्य, सगळं हातवारे आणि ओठांवरून. जुन्या पद्धतीच्या धोट्यात नवी कांडी भरली की धागा त्या भोकातून तोंडाने ओढून बाहेर काढायचा, हाच धोटा दुसऱ्या पाळीतला माणूसही तोंडाला लावणार. हे ऐकलं की ज्यांनी आत्ताच तो नाकाजवळ नेऊन बघितलेला असतो त्यांचे चेहरे बघण्यासारखे होतात. काळजी करू नका, आमचा धोटा धुतलेला आहे.

कापसाची गाठ फुटते तिथपासून कापड होईपर्यंतचा क्रम आम्ही चालता चालता सांगतो. ब्लोरूम, कार्डिंग म्हणजे कापूस विंचरायचा, फ्रेमवर तो ओढून बारीक करायचा, रिंगवर पीळ देऊन सूत काढायचं, मग वाइंडिंग म्हणजे सूत गुंडाळायचं, वार्पिंग म्हणजे उभे धागे लावायचे, सायझिंग म्हणजे सुताला कांजी चढवायची, मग माग. वाइंडिंगला बायका पुष्कळ, आणि त्यांच्यावर देखरेख करणारी नायकीण. पुरुषांच्या खात्यात जॉबर. माणसं भरती करणं, बदलीवाल्याला (गैरहजर माणसाच्या जागी रोज येऊन उभा राहणारा) आज काम द्यायचं का परत पाठवायचं, हे सगळं एके काळी जॉबरच्या हातात, त्यामुळे त्याला सलाम ठोकल्याशिवाय पान हलत नसे.

चाळी : इथे जरा जपून

पुलावरून रुळांच्या पूर्वेला येऊन ना. म. जोशी मार्गावर बीडीडी चाळी. बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने १९२० च्या दशकात बांधलेल्या, वरळी, नायगाव, शिवडी आणि इथे. तळमजला अधिक तीन, मधून लांब पॅसेज, दोन्ही बाजूंना खोल्या, एक खोली साधारण १६० चौरस फुटांची आणि संडास सामाईक. एका खोलीत एक कुटुंब हे नंतरचं. गिरण्यांच्या भरात कोकणातून, घाटावरून आलेले गाववाले एकत्र खोली घ्यायचे, पहिल्या पाळीचा माणूस कामाला गेला की तिसऱ्या पाळीचा येऊन त्याच जागेत आडवा व्हायचा. आता म्हाडाकडून पुनर्विकास चालू आहे, ५०० चौरस फुटांची घरं, वरळीत पहिल्या काही कुटुंबांना २०२५ मध्ये चाव्या मिळाल्या. त्यामुळे मागच्या वर्षी बघितलेली चाळ या वर्षी असेलच असं नाही, रूट थोडा इकडेतिकडे होतो.

कृपया लक्षात घ्या की इथे माणसं राहतात. दारात वाळत घातलेल्या कपड्यांचे, आजीबाईंचे, नळावरच्या भांड्यांचे फोटो विचारल्याशिवाय काढायचे नाहीत. पॅसेजमध्ये घुसून रील बनवायचं असेल तर हा वॉक तुमच्यासाठी नाही, हे आम्ही अगदी स्पष्ट सांगतो आणि एकदोनदा कॅमेरा बंद करायलाही सांगितलंय. कोणी आपणहून बोलायला आलं तर मात्र थांबा, वेळापत्रक गेलं उडत.

रस्त्याचं नाव ज्यांच्यावरून आहे ते नारायण मल्हार जोशी म्हणजे १९२० मध्ये आयटक ही देशपातळीवरची कामगार संघटना स्थापन करणाऱ्यांपैकी. त्यांच्या कितीतरी आधी नारायण मेघाजी लोखंडे, १८८४ मध्ये त्यांनी बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन काढली आणि १० जून १८९० ला गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. तुम्ही रविवारी वॉकला येताय ना, त्यांच्यामुळे येताय.

संप आणि जमीन

या भागावर आम्ही सगळ्यात जास्त वेळ देतो, करी रोडचा पूल उतरून भारतमाता सिनेमाच्या दिशेने जाताना. काही लोक म्हणतात राजकारण नको, फक्त हेरिटेज सांगा. पण जमिनीचं काय झालं हे सोडून गिरणगावात हेरिटेज म्हणून सांगायचं तरी काय?

१८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला, जवळपास अडीच लाख कामगार बाहेर. पगारवाढ, बोनस या मागण्या होत्याच, पण त्याहून मोठा मुद्दा १९४६ च्या बीआयआर (बॉम्बे इंडस्ट्रियल रिलेशन्स) कायद्याचा, ज्यामुळे राष्ट्रीय मिल मजदूर संघ ही एकच मान्यताप्राप्त युनियन वाटाघाटी करू शकत होती आणि बहुसंख्य कामगारांना ती नको होती. संप वर्षाच्या पुढे रेटला गेला. तो रीतसर मागे घेतलाच गेला नाही, म्हणून जुने कामगार अजून म्हणतात की आमचा संप चालूच आहे. कितीतरी गिरण्या पुन्हा उघडल्याच नाहीत, ज्या उघडल्या त्यात परत गेलेल्यांची संख्या कमी, आणि दरम्यान काम भिवंडीच्या यंत्रमागांकडे गेलं होतं. अर्थात सगळं खापर संपावर फोडणंही बरोबर नाही, मशिनं जुनी झालेली, मालकांनी नवीन पैसा घालणं कधीचं थांबवलेलं, आणि जमिनीचा भाव कापडापेक्षा भारी होत चाललेला.

आता जमीन. गिरण्यांची मिळून सुमारे ६०० एकर, शहराच्या ऐन मध्यात. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत कलम ५८ आलं : गिरणीची जमीन विकासाला काढली की एक तृतीयांश महापालिकेला बागा-मैदानांसाठी, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी, आणि उरलेला एक तृतीयांश मालकाला. कागदावर झकास. १९९६ मध्ये वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांच्या समितीने एनटीसीच्या जमिनींचा एकत्रित विचार करून मोकळ्या जागा सलग कशा मिळतील याचा आराखडाही दिला. मग २००१ मध्ये नियम बदलला, वाटणी पूर्ण जमिनीची न होता फक्त ज्या जागेवर बांधकाम नाही तेवढ्याचीच होणार. आणि गिरणी म्हणजे काय, भिंतीपासून भिंतीपर्यंत शेडच शेड. म्हणजे मोकळी जमीन कितीशी निघणार? वाटे एकदम आकसले. प्रकरण कोर्टात गेलं, हायकोर्टाने २००५ मध्ये लोकांच्या बाजूने निकाल दिला, सुप्रीम कोर्टाने मार्च २००६ मध्ये तो फिरवून २००१ चा नियम कायम ठेवला. गिरणी कामगारांच्या घरांची म्हाडाची पहिली मोठी सोडत २०१२ मध्ये निघाली, तोपर्यंत बऱ्याच कामगारांची मुलंच चाळिशीला आलेली.

म्हणून या रस्त्यावरून चालताना आम्ही सांगतो की टॉवर मोजू नका, झाडाखालची बाकं मोजा. सावलीत बसायला सार्वजनिक जागा कुठे कुठे सापडते ते बघत चला. दुपारी राणीबागेत शिरल्यावर हेच आठवतं आणि मग ती बाग वेगळीच दिसायला लागते.

लालबागला जेवण

जेवणाचा ब्रेक लालबागला, बारा-साडेबाराला. आम्ही जेवण पॅकेजमध्ये धरत नाही कारण कोणाला मालवणी थाळी हवी, कोणाचा शनिवार, कोणाला नुसता वडापाव पुरतो. आसपास सगळं मिळतं. चिवडा गल्लीतून खरेदी करायची तर इथेच करा, पुढे वेळ नाही. मार्च ते मे मसाल्याचा सीझन, मिरची कांडपाच्या दुकानांसमोरून जाताना शिंकांची लाईन लागते, दम्याचा त्रास असेल त्यांनी आधी सांगा, आपण त्या गल्लीला वळसा घालू.

खानावळीचा विषय निघालाच आहे तर, एकट्याने राहणाऱ्या कामगारांना महिन्याच्या हिशोबाने जेवण घालणाऱ्या बायका हाही गिरणगावचा एक उद्योगच होता. पगाराला उशीर झाला की यांची उधारी थकायची आणि वाणी-सावकार दारात. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी या खानावळवाल्या बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं, बँकेचं कर्ज मिळवून दिलं. चिमण्यांचे फोटो सगळे काढतात, हे सांगायचं राहून जातं.

राणीबाग

लालबागहून आंबेडकर रोडने खाली, उन्हात चालायचं नसेल तर बस आहे, ग्रुप ठरवेल तसं. राणीबाग म्हणजे वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान, १८६२ मध्ये खुली झालेली, आज ५० एकरांच्या वर. लहानपणी आपण सगळे हत्ती आणि माकडं बघायला आलेलो, आता मुलं पेंग्विन बघायला ओढतात. आपला वॉक पेंग्विनच्या रांगेत उभा राहत नाही, ज्यांना जायचंय त्यांनी वॉक संपल्यावर थांबावं, वेळ आधी बघून. ही बाग मुळात झाडांची. सुमारे तीन हजार झाडं, त्यात कितीतरी परदेशातून आणून लावलेली. गोरखचिंचेचं खोड बघा, चार माणसांनी हात धरले तरी पुरत नाहीत. कैलासपती, त्याची फुलं फांदीवर न येता थेट खोडावर. उर्वशी फुललेली असली तर नशीब. आणि कृष्णवड, त्याचं पान खाली पडलेलं सापडलं तर उचला (तोडायचं नाही), देठाजवळ पान दुमडून छोटा द्रोण झालेला असतो, त्यात खरंच पाणी राहतं. आम्ही बाटलीतलं दोन थेंब टाकून दाखवतो.

२००७ च्या सुमारास इथे मोठा नवा प्राणिसंग्रहालय प्रकल्प होणार म्हटल्यावर झाडं वाचवायला काही बायकांनी वर्षानुवर्षं लढा दिला, त्यांनीच झाडांची नोंद केली, कागदपत्रं काढली. शेजारच्या मफतलाल मिलच्या जमिनीचा एक तुकडा बागेला जोडायला मिळाला, म्हणजे सकाळी जे "एक तृतीयांश" सांगितलं त्यातलं थोडं इथे प्रत्यक्ष बघायला मिळतं.

बागेच्या दाराशीच डॉ. भाऊ दाजी लाड म्युझियम, मुंबईतलं सगळ्यात जुनं, सध्याची इमारत १८७२ मध्ये खुली झाली. याचं तिकीट वेगळं. आत ओतीव लोखंडाचे खांब, जिने, आणि मातीच्या छोट्या छोट्या मूर्ती ज्यात विणकर, कुंभार, सगळे धंदे करणारे लोक दाखवलेत. गिरण्यांच्या शहरातच हातमागाची बाहुली काचेच्या कपाटात ठेवली गेली, ते कपाट आम्हाला फार आवडतं. बाहेर घारापुरीचा दगडी हत्ती. १८६४ मध्ये तो इंग्लंडला न्यायचा घाट घातला होता, उचलताना क्रेन तुटली आणि हत्तीचे तुकडे झाले, १९१४ मध्ये ते जोडून पुन्हा उभा केला. जोड नीट बघितले तर दिसतात.

शेवट भायखळा स्टेशनला. या स्टेशनची इमारत १८५७ ची, नीट दुरुस्त केली म्हणून २०२२ मध्ये युनेस्कोचा पुरस्कार मिळाला. पायात जोर असेल तर पूल ओलांडून खडा पारशीच्या पुतळ्यापर्यंत जाऊ, खालचं कारंजं आणि जलपऱ्या ओतीव लोखंडाच्या, इंग्लंडमधल्या कोलब्रुकडेलच्या कारखान्यात केलेल्या. दोन्हीकडून फ्लायओव्हर, त्यामुळे रस्ता ओलांडताना आमच्या मागेच राहा.

आता कामाचं

बूट घाला, चपला नकोत, फुटपाथ जागोजागी खणलेले असतात. टोपी, पाण्याची बाटली, पावसाळ्यात छत्रीपेक्षा रेनकोट बरा. सकाळी मॉल बंद असतो म्हणून टॉयलेट स्टेशनवर किंवा घरूनच, त्यानंतर नीट सोय जेवणाच्या जागी आणि म्युझियममध्ये. गुडघेदुखीवाल्यांनी अर्धा वॉक घ्यावा, लालबागहून सामील व्हा, पूल चढायचे वाचतात. व्हीलचेअर किंवा बाबागाडी असेल तर फक्त राणीबाग-म्युझियमचा भाग आम्ही वेगळा करून देतो, रस्त्यावरचा भाग खरंच जमत नाही. दहा वर्षांखालची मुलं चालतील, पण कंटाळली तर जबाबदारी आईबाबांची, आम्ही धोटा एकदाच देऊ शकतो.

बाग आणि म्युझियमची तिकिटं ज्याची त्याने काढायची. आमची फी बुकिंगच्या मेसेजमध्ये येते, तीत वॉक आणि छापलेला नकाशा एवढंच.

गणपतीच्या दिवसांत वॉक नाही, लालबागला तेव्हा काय असतं हे सांगायला नको. हवामान खात्याचा रेड अलर्ट आला की वॉक रद्द, फी परत किंवा पुढची तारीख, तुम्ही म्हणाल तसं. नुसता पाऊस असला तर वॉक होतो, पण हिंदमाता-परळला पाणी भरायला लागलं तर आम्ही लालबागलाच थांबवतो आणि उरलेली राणीबाग पुढच्या कुठल्याही ग्रुपसोबत फुकट. तुमच्याकडून आदल्या संध्याकाळपर्यंत कळवलं तर पैसे परत, त्यानंतर नाही.

रविवारवाल्यांनी शनिवारी रात्री मेगाब्लॉक बघून निघायचं. येताना वेस्टर्न, परत जाताना सेंट्रल, म्हणजे दोन्हीकडचा ब्लॉक बघावा लागतो. साडेसातच्या पुढे दहा मिनिटं थांबतो, मग निघतो. चुकलात तर ग्रुपवर लाइव्ह लोकेशन चालू असतं, चाळींपाशी गाठा.